यंत्राच्या शिंगांची बेगड

बद्रीनाथ बावणे मूळचा पाचोडचा. घरी बैलजोडी होती तोवर पोळा त्याचाच. शिंगं घासायची, त्यांना चकाकती बेगड चिकटवायची, पुरणपोळी भरवायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. पुढं बैल विकले, ट्रॅक्टर आला, आणि बद्रीनाथ संभाजीनगरात एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात कंत्राटी मदतनीस म्हणून लागला. दगड फोडायचे, चाळायचे, पिशव्यांत भरायचे. काम त्याला आवडायचं.

विभागात नवं म्हणून काही कधी आलंच नव्हतं. मग दिल्लीहून निधी मंजूर झाला. बॅटरीला, मोबाइलला लागणारे दुर्मिळ धातू आपल्याच जमिनीत कुठं मिळतील, ते काढता येतील का, यावरचं संशोधन. विभागप्रमुख गायके सरांनी काळ्या खडकाच्या दोन थरांमधली लाल माती तपासायला घेतली. त्याच निधीतून दगड भरडायचं यंत्र आलं. आलं ते नेमकं पोळ्याच्या दिवशी.

बद्रीनाथला राहवलं नाही. यंत्राच्या तोंडाशी दोन लोखंडी दांडे वर आलेले होते. त्याला ती शिंगंच दिसली. घरी पेटीत जुन्या बैलांची बेगड पडून होती. ती त्यानं डिंकानं दांड्यांना चिकटवली, हळदकुंकू वाहिलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. जीपचा ड्रायव्हर वहाब म्हणाला, "बद्रीभाई, ये शेण कब देगा?" सगळे हसले. सरही हसले.

पहिला घास कशाचा, तेही बद्रीनाथनंच ठरवलं. फुलंब्रीजवळ त्याच्या थोरल्या बहिणीचं, वच्छलाबाईचं शेत होतं. तिच्या विहिरीतली लाल ढेकळं नमुन्यांत होती. सरांच्या मागं लागून त्यानं तीच आधी यंत्रात टाकली. बहिणीचा मान.

दिवाळीनंतर तपासणीचा निकाल आला. वच्छलाबाईच्या विहिरीतल्या मातीत कथील निघालं, मोबाइलच्या जोडणीला लागतं ते. भरपूर निघालं. आपल्याकडच्या खडकात कथील असायचं काही कारण नव्हतं. सरांनाही ते खटकलं असणार. पण पुढचा निधी हवा तर काहीतरी सापडायला हवं होतं, आणि सापडलं होतं.

पेपरात बातमी आली. वच्छलाबाईच्या शेतात मोजणीच्या चुन्याच्या रेघा पडल्या. त्यांच्या मागोमाग एक गाडी आली. गाडीतला माणूस गोड बोलायचा. खाणीसाठी सरकार जमीन घेणारच, म्हणाला. मोबदल्याची वाट बघत बसाल, त्यापेक्षा मी देतो ते घ्या आणि मोकळे व्हा. वच्छलाबाईचा नवरा सांडू याचं जेवणच सुटलं. तो विहिरीच्या काठावर जाऊन बसायचा. वच्छलाबाई रोज फोन करायची.

"बद्री, तू तिथं असतो. खरं सांग, आमाला उठवतील का?"

सरांना विचारून सांगतो, असं तो म्हणायचा. विचारायचा नाही. उत्तराची भीती वाटायची.

एकदा नवे नमुने घेऊन परतताना जीपमध्ये त्यानं वहाबला सहज विचारलं, हे कथील दिसतं तरी कसं. वहाबच्या आजोबांचा कल्हईचा धंदा होता.

"रांगा है रे. कल्हई का रांगा," वहाब म्हणाला. "पुरानी बेगड बी उसीच की बनती थी."

विभागात येताच बद्रीनाथ यंत्राशी गेला. एका दांड्यावर बेगड चमकत होती. दुसऱ्यावर नुसता वाळलेला डिंक. दांडा बरोबर तोंडावर होता, आणि यंत्र चालताना गदगदा हलायचं. बेगड कुठं गेली, हे वेगळं सांगायला कुणी नको होतं.

सांगितलं तर निधी जाणार. त्याची नोकरी जाणार, वहाबची जाणार, सरांचं नाव जाणार. तो पिशव्या भरत राहिला. संध्याकाळी वच्छलाबाईचा फोन आला. उद्या फुलंब्रीला जाऊन त्या गाडीवाल्याकडून इसार घेतो, म्हणाली. सांडूचे हाल बघवत नाहीत.

बद्रीनाथ सरांच्या खोलीत गेला. दार लावलं.

"सर, त्या मातीत काय नाय. माझी बेगड पडली."

सरांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते ओरडतील असं बद्रीनाथला वाटलं होतं. ते हळू बोलले.

"कुणाला सांगितलंस?"

"नाय."

"मग सांगू नको. सोमवारी निधीची समिती येतेय."

सरांना घाबरलेलं त्यानं पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याचा उरलासुरला धीर गेला. तरी तो बोललाच.

"माझी अक्का उद्या जमीन विकतीय, सर."

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता धरून बसले. मग त्यांनी विचारलं, ढेकळं शिल्लक आहेत का. होती. यंत्र धुऊन ती पुन्हा भरड, म्हणाले. पण नवा निकाल यायला आठवडे लागणार होते, आणि इसार उद्या होता. बद्रीनाथनं खिशातून फोन काढला. सरांनी नाही म्हटलं नाही. खिडकीकडे तोंड फिरवलं.

व्हरांड्यात येऊन त्यानं फोन लावला.

"अक्का, इसार घेऊ नको. जमिनीत कथील नाय. यंत्राला बेगड लावली व्हती मी. ती पडली तुझ्या मातीत."

"यंत्राला?" वच्छलाबाई म्हणाली. "आरं, पोळा बैलाचा असतो."

त्याला हुंदका आला. मग नाही घेत इसार, म्हणाली. सांडूला हाक मारल्याचं त्याला ऐकू आलं. फोन ठेवण्याआधी तिनं विचारलं, "आन तुझं काय?"

"सोमवारी कळंल."

तो आत आला आणि पाण्याची बादली घेऊन यंत्राशी बसला. एका दांड्यावर उरलेली बेगड नखानं खरवडायला लागला. तिथं डिंक पक्का बसला होता. निघता निघत नव्हती.