गरम कॉफी आणि ट्रान्सफॉर्मर

ती कॉफी कधी थंड करत नसे. आमच्या तंजावुरात कॉफी येते ती पितळी पेल्यात, आणि पेल्याखाली खोलगट वाटी असते, तिला डवरा म्हणतात. माणसं पेल्यातून डवऱ्यात, डवऱ्यातून पेल्यात अशी कॉफी वरखाली ओतत बसतात. कॉफी निवते, फेस येतो आणि तेवढ्यात गावभरच्या गप्पा होतात. ही मात्र पेला उचलायची, मान मागे टाकायची आणि ओठ न लावता वरूनच उकळती कॉफी घशात सोडायची. पाहणाऱ्याची जीभ भाजावी अशी.

सवय तिला कचेरीत लागली. वीज कचेरीत ती तक्रारींच्या फोनवर बसायची. कॉफी आली की फोन वाजायचाच, म्हणून वाजायच्या आत पिऊन टाकायची. पलीकडचा माणूस कितीही ओरडू दे, आमची लाइट गेली, पंखा बंद आहे, मुलाची परीक्षा आहे, ही शांतपणे म्हणायची, "बरं. नोंद झाली." घरीही तेच. मी माझ्या गुडघ्याची कहाणी सांगितली तरी शेवटी, "बरं मावशी, नोंद झाली."

आमच्या गल्लीत समोरासमोर दारं आमची. तिची आई होती तोवर त्या घरातून दिवसभर मराठी भांडण ऐकू यायचं. आई गेली आणि घर गप्प झालं. बेचाळिशीची बाई, नोकरी, स्कूटर, कशाला काही कमी नाही. एकदा माझ्या पायरीवर बसून म्हणाली, "मावशी, घरी मराठी बोलायला आता देवाशिवाय कोणी नाही. आणि तो उत्तर देत नाही." मी हसले. ती हसली नाही.

पुढच्याच आठवड्यात फोन घेऊन आली. म्हणे, यात माणसं भेटतात. फोटो काढा माझा. मी गच्चीवर तिला उभी केली आणि काढला. आता मी काही फोटोवाली नाही, त्यामुळे मागे वाळत घातलेल्या माझ्या ताकातल्या मिरच्याही आल्या, चांगल्या ठळक. पहिल्या माणसाने दोन दिवस गोड गोड विचारपूस केली आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, त्या मिरच्या घरच्या आहेत का, अर्धा किलो मिळतील का.

फोनवरची पुरुषमंडळी आम्ही दोघी मिळून बघायचो. तुम्ही कधी बघितली आहेत का? आमच्या गावचा प्रत्येक पुरुष मोठ्या देवळापुढे उभा राहून फोटो काढतो. गोपुर अख्खं येतं, कळसासकट, आणि खाली कोपऱ्यात मोहरीएवढा माणूस. मी चष्मा लावून, दोन बोटांनी फोटो ताणून ताणून बघायची. ती म्हणायची, "असू दे मावशी, देवदर्शन तरी झालं."

भाषा म्हणून तिने मराठी लिहिलं होतं. त्यामुळे एक पुण्याचे गृहस्थ आले. ते देवनागरीत लिहायचे आणि तिला देवनागरी वाचता येत नाही. आम्हा तंजावूरच्या पिढीजात मराठी लोकांत ती फार थोड्यांना येते, शाळा सगळी तमिळमध्ये. मी साठीनंतर नातवाच्या हिंदीच्या पुस्तकावरून शिकले, म्हणून ते काम माझ्याकडे. परक्या पुरुषाने दुसरीला लिहिलेलं प्रेमाचं वाचून दाखवायचं, तेही खाली दूधवाला ऐकत असताना, सोपं नाही हो. काही वाक्यं मी गिळलीच. ती बोलून उत्तर पाठवायची, आपल्या मराठीत, आजीपणजीपासून जशी बोलतो तशी. दोन-तीन दिवस त्यांनी ऐकून घेतलं आणि मग लिहिलं की अशी मराठी आज कोणी बोलत नाही, तुम्ही लोक फसवायला हे कुठून पाठ करून येता? आणि फोनवरचं आपलं दार तिला बंद केलं.

"बरं, नोंद झाली," ती म्हणाली. पण त्या संध्याकाळी माझ्याकडे आली आणि बराच वेळ तांदूळ निवडत बसली. मग हळूच म्हणाली, "मावशी, आपण बोलतो ती खोटी मराठी कां?"

मी म्हटलं, "तुझी आई आणि तू तीस वर्षं तीत भांडलात. खोट्या भाषेत कोणी इतकं भांडेल कां?"

तेव्हा हसली. तांदळात खडा नव्हताच, उगाच निवडत होती.

मग गावातले लोक भेटायला येऊ लागले. एकटीने जायला तिला संकोच वाटायचा, म्हणून मी जोडीला. दर शनिवारी संध्याकाळी जुन्या बसस्टँडजवळच्या कॉफीच्या हॉटेलात जायचो. ती खिडकीजवळच्या टेबलावर, मी मागच्या, ओळख नसल्यासारखी. खूण ठरलेली. पेला टेबलावर आहे तोवर समोरच्याला वेळ आहे. तिने पेला उचलून मान मागे टाकली की मी टेबलाखालून तिला फोन लावायचा. ती उचलायची, कपाळाला आठ्या घालायची, "काय सांगता, ट्रान्सफॉर्मर उडाला?" आणि नमस्कार करून बाहेर. मागून मी.

त्या वर्षी तंजावुरात ट्रान्सफॉर्मर फार उडाले.

एक आले ते फोटोत चाळिशीचे होते आणि खुर्चीत साठीचे. तिने विचारलं, फोटो कधीचा? म्हणाले, नीट आलेला तोच एक आहे. एकाने बसल्या बसल्या आपल्या तिन्ही फ्लॅटांची दिशा सांगितली, कुठला पूर्वेला, कुठला उत्तरेला. दर फ्लॅटमागे ती म्हणे, "नोंद झाली," आणि त्याला वाटे, बाई खूश आहे. एकाने स्वयंपाक येतो का विचारलं. तिने, तुम्हाला येतो का, असं विचारलं. त्याच्यासाठी मला फोन लावायची वेळच आली नाही, तोच उठून गेला.

सगळेच असे नव्हते. एक बिचारे नुसते मेलेल्या बायकोबद्दल बोलत राहिले. मी फोन हातात धरून बसले, पण तिने पेल्याला हात लावला नाही. पूर्ण ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "तुम्हाला अजून दुसरी नको, तुम्हाला तीच हवी." ते डोळे पुसून गेले. पुढे पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, तिच्या दारात त्यांच्या मळ्यातला केळीचा घड आला, अर्धा मला.

खरं सांगू, सगळ्यात मजा मलाच. दर शनिवारी साडी नेसून कॉफी प्यायला जायचं, परत येताना स्कूटरवर मागे बसून दोघींनी आलेल्याची नक्कल करत हसायचं. सिग्नलला लोक वळून बघायचे. पण घरी पोचून ती कुलूप काढायची तेव्हा तिचं हसू उंबऱ्यातच राहायचं. आत दिवा लागायचा आणि टीव्ही सुरू व्हायचा. मला समोरून दिसायचं ते.

मग तो आला. जवळच्या ओरत्तनाडू गावाकडचा, गुरांचा डॉक्टर. फोटोत गोपुर नव्हतं. एक वासरू होतं आणि वासरामागे अर्धा कान व थोडा खांदा. लग्न होऊन मोडलं आहे, हे पहिल्याच ओळीत लिहिलेलं. ती म्हणाली, "मावशी, याने निदान वासराला पुढे केलं."

हॉटेलात उशिरा आला. पँटच्या एका पायावर काहीतरी ओलं होतं, ते लपवत बसला. बोलणं तमिळमध्येच. तिने विचारलं, मराठी लिहिलं आहे तुम्ही, येते का? तो लाजला. घराणं मूळचं मराठी, पण बोलणारी शेवटची आजी. आजीचे चार शब्द येतात तेवढेच. कुठले, म्हणून तिने विचारलं. त्याने बोटावर मोजून सांगितले, "बैस. खा. झोप. पळू नको."

"आणि हे बोलता कुणाशी?"

"गायींशी," तो म्हणाला. "आजीच्या गायींना हेच कळायचं. आता सगळ्याच गायी ऐकतात."

ती हसली. हॉटेलात कधी हसायची नाही, हसणं स्कूटरसाठी राखून ठेवायची. आणि हसता हसता तिने पेला उचलला. मी फोन चाचपला. तिने कॉफी डवऱ्यात ओतली. मग परत पेल्यात. मग परत डवऱ्यात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला कॉफी निववताना बघितलं. माझी तशीच राहिली, साय धरली तिच्यावर.

आणि त्याचा फोन वाजला. त्याने ऐकलं, उठलाच. म्हणाला, एका खेड्यात गाय अडली आहे, वासरू आडवं आहे, जावं लागेल. गेला. डवऱ्यात तिची कॉफी, समोर त्याचा भरलेला पेला.

तिची नजर कोपऱ्यातल्या टेबलावर गेली. तिथे एक म्हातारे गृहस्थ दर शनिवारी बसत. ते नेमके आपला फोन खिशात ठेवत होते आणि दाराकडे बघत होते. ती माझ्या टेबलाशी आली. "बघितलंत, मावशी? त्यानेही मागच्या टेबलावर माणूस बसवला होता. माझा ट्रान्सफॉर्मर, त्याची गाय."

मी म्हटलं, अगं खरी गाय असेल. ती म्हणाली, "माझाही ट्रान्सफॉर्मर खराच असेल, असंच वाटायचं त्या सगळ्यांना."

त्या दिवशी स्कूटरवर नक्कल झाली नाही. घरी आल्यावर माझ्या पायरीवर बसून तिने ते सगळंच फोनमधून काढून टाकलं. "पुरे झालं मावशी. आता मज नको," म्हणाली. टीव्ही त्या रात्री लागलासुद्धा नाही.

तीन-चार दिवस गेले. पुढचं तिने मला सांगितलं आणि तिच्या कचेरीतल्या बायकांनी तिच्याहून जास्त सांगितलं. तक्रारींच्या फोनवर एक आवाज आला, तक्रार नोंदवायची आहे. हिने नेहमीप्रमाणे विचारलं, "खांब नंबर?"

"खांब नाही. जुन्या बसस्टँडजवळचं कॉफीचं हॉटेल. खिडकीजवळचं टेबल."

हिने विचारलं, "तक्रार काय?"

"कॉफी अर्धी राहिली."

तो सांगू लागला. गाय सुटली, वासरू उभं राहिलं, मग त्याने फोन उघडला तर ही तिथे कुठेच नाही. ती वीज कचेरीत तक्रारी घेते हे तिने लिहिलेलं होतं, आणि तो नंबर तेवढा सगळ्या गावाला माहीत. दोनदा लावला, दोन्ही वेळा दुसरीच बाई बोलली. काय सांगणार? घरचा फ्यूज गेला म्हणाला. लाइनमन दोनदा येऊन त्याचा धडधाकट फ्यूज तपासून गेला आणि दुसऱ्या खेपेला तुमची तब्येत बरी आहे ना, असं विचारून गेला.

हिने विचारलं, तो कोपऱ्यातला म्हातारा कोण? कुठला म्हातारा, तो म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. ती फोन ठेवणार, इतक्यात तो मराठीत म्हणाला, "पळू नको."

तिने फोन परत कानाला घट्ट धरला. मग म्हणाली, "बरं. नोंद झाली."

कचेरीतल्या बायकांनी मुद्दाम बघितलं म्हणे. नोंद तिने कुठेच केली नव्हती.

शनिवारी परत तेच हॉटेल, तेच टेबल. मी मागे, कारण सवय. कॉफी किती वेळा वरखाली झाली, मी बघितलंच नाही, कारण ते कोपऱ्यातले म्हातारे उठून माझ्या टेबलाशी आले. तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, आज फोन नाही करणार?" मी चोरासारखी झाले. ते म्हणाले, वर्षभर बघतोय, तुम्ही हातभर अंतरावरून त्या मुलीला फोन करता आणि ती ट्रान्सफॉर्मरचं बोलते. घरी सून टीव्ही लावू देत नाही, म्हणून मी शनिवारी इथे येतो. मी विचारलं, मग त्या दिवशी फोन कुणाला करत होता? सुनेने इडलीचं पीठ आणायला सांगितलं होतं, म्हणाले.

त्या दोघांनी नोंदणी कचेरीत लग्न केलं. साक्षीदार म्हणून मी सही केली, मराठीत, आणि तिथल्या कारकुनाने ती फिरवून फिरवून बघितली. तिने बदली मागून घेतली आणि ओरत्तनाडूला गेली. आता ती मला सांगते, त्याचे चार शब्द आता चाळीसच्या वर गेले आहेत आणि तो तिच्याशी भांडायला लागला आहे. हे सांगताना तिचा आवाज असा, जसा कुणी दागिना केल्याचं सांगावं.

समोरच्या दाराला कुलूप आहे. मी संध्याकाळी पायरीवर बसते तेव्हा नजर तिकडे जातेच. टीव्हीचा निळा उजेड नाही, स्कूटर नाही. नव्या भाडेकऱ्याला घर दाखवू का, तिने विचारलं होतं. मी म्हटलं, सावकाश बघू.

शनिवारी मात्र मी हॉटेलात जाते. त्याच मागच्या टेबलावर बसते. कोपऱ्यातले म्हातारे मान हलवतात, मुलगी बरी आहे ना, विचारतात. खिडकीजवळ हल्ली कॉलेजची पोरं बसतात. मागल्या शनिवारी कॉफी आली, वाफ निघत होती. मी डवऱ्यात ओतणार, एवढ्यात माझा फोन वाजला.

"मावशी, एकट्याच बसला आहात ना?" ती. मागे गाय हंबरत होती आणि कुणीतरी तिला आमच्या मराठीत दटावत होतं. "उठा लवकर. ट्रान्सफॉर्मर उडाला इकडे. साडेपाचची बस आहे."

मी पेला उचलला, मान मागे टाकली आणि उकळती कॉफी घशात सोडली. जीभ अजून भाजलेली आहे. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांना हात केला आणि बसकडे निघाले.