फक्त बॅग आली

काल शेजारणीने गुडघ्याला लावायला हिरव्या बामची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मला निलंग्याच्या घरातली एक सकाळ आठवली. बियाणे विक्रेत्यांच्या सहलीबरोबर भाऊ थायलंडला गेला होता. बाकीचे सगळे परतले, त्याची मात्र फक्त बॅग आली. आमच्या वडिलांनी, आबांनी, ती उघडली, तर वरच त्यांच्यासाठी घेतलेला बाम होता. बॅग आणणारा मित्र खाली बघत म्हणाला, "आबा, त्यानं लई पिऊन भाड्याची स्कूटर चालवली, एका बाईला उडवलं. पासपोर्ट पोलिसांकडं हाय. केस संपेस्तोवर त्याला येता येत न्हाई." आई रडायला लागली. आबांनी एवढंच विचारलं, "ती बाई वाचली का?" "हाव, पाय मोडला तिचा." "मग रडू नको," आबा आईला म्हणाले, "चुकलंय तर भोगून येईल." शिक्षा भोगून भाऊ आला तेव्हा आबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. मुलगी असून अग्नी मीच दिला होता. शेवटच्या दिवसांत दाराशी कुठलीही गाडी थांबली की आबा मान वर करायचे, हे मी भावाला अजून सांगितलेलं नाही.