दारावरचे ‘नाळे बा’

मंडळी, आज निपाणीची कामे आटोपून टिळकवाडीतल्या घरी पोहोचलो, तेव्हा अंगात केवळ चहा पिण्याइतके त्राण उरले होते. दारावर मात्र खडूने कन्नडमध्ये लिहिलेले दिसले, ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’. पूर्वी भूत परतवण्यासाठी लोक दारावर हे लिहीत. भूत रोज यायचे, वाचायचे आणि निघून जायचे.

आत माझी मुलगी श्रुती आणि तिच्या मैत्रिणींचे हॅलोविन चालले होते. श्रुतीने माझ्या जुन्या काळ्या कोटावर कागदी वटवाघळे टाचली होती. एकीने भोपळी रंगाची इरकल नेसून डोळ्यांभोवती काजळ फासले होते. एका विनोदी भुताच्या कादंबरीचे वाचन व्हायचे होते.

“आप्पा, भुताचे संवाद तुमी वाचा की,” श्रुती म्हणाली.

“उद्या बघू गं. आज फार दमलोय.”

“दारावरचं भुतासाठी लिवलंय, माझ्यासाठी न्हाय. पुढच्या आठवड्यात मी नोकरीला बेंगळूरला चालले. मग ‘उद्या’ कुणाला म्हणणार?”

मी चष्मा लावून पुस्तक हातात घेतले. कादंबरीतले भूत लोकांना घाबरवून थकलेले आणि सतत जांभया देणारे होते. त्यामुळे मला वेगळा अभिनय करावाच लागला नाही. मुली हसून लोळल्या.

शेवटी श्रुती ओले फडके घेऊन दार पुसायला निघाली. मी तिला थांबवले. तिच्या जाण्याचा दिवस दारात येईल, तेव्हा त्यानेही ते वाचावे.

वाचून परत जाईल का हो तो?