काचेचा राजा

कोपरीतले काचवाले काका खिडकीची काच घेऊन निघाले की गणपती आणल्यासारखे चालतात आणि ओरडतात, "बाजूला व्हा, काच आहे!"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मला वर्गासमोर फ्रान्सच्या एका जुन्या, वेड्या राजावर बोलायचं होतं. तो स्वतःला काचेचा समजायचा. फुटू नये म्हणून कपड्यांत लोखंडी पट्ट्या शिवून घ्यायचा.

"फुटला का?" काकांनी विचारलं.

"नाही. मरेपर्यंत राजाच होता."

"मग वेडा कसला? पॅकिंग बरोबर होतं त्याचं."

बोलायच्या दिवशी मी त्यांच्या दुकानापाशीच थांबले. "काका, मी घरी जाते. सगळे हसतील."

काका उठले आणि रिकाम्या हातांनी माझ्यापुढे थेट कॉलेजच्या गेटपर्यंत ओरडत गेले, "बाजूला व्हा, काच आहे!"

लोक खरंच बाजूला होत होते.