टापूचं फाटक

तुमच्याकडे भांडी घासणारी बाई कामानंतर कुठे जाते, हे तुम्ही कधी पाहिलंय का? आमची टापूवर जायची. आज एका गंजक्या कठड्याला हात लागला, बोटांना तो वास राहिला आणि टापूचा पूल आठवला. भोपाळच्या आमच्या सरकारी टाऊनशिपमागे नाल्याला दोन फाटे फुटायचे आणि पुढे पुन्हा एक व्हायचे. मधल्या टापूवर कामवाल्या बायांची वस्ती होती आणि बाहेर यायला हा एकच लोखंडी पूल. चोऱ्या होतात म्हणून आमच्या लोकांनी त्याला फाटक बसवलं. ते फक्त धुण्याभांड्यांच्या वेळेला उघडायचं. एका दुपारी आमची बाई फाटकापलीकडे उभी होती, तापाने फणफणलेली मुलगी खांद्यावर टाकून. "खोल दो भैया, दवाखाने जाना है." "चाबी सेक्रेटरी साब के पास है," चौकीदार म्हणाला. मी धावत सेक्रेटरीकाकांकडे गेले. ते जेवत होते. "अगं, एकीसाठी उघडलं, की उद्या सगळा टापू आत येईल. चारला उघडेलच की!" चारला उघडलं. मुलगी दवाखान्याच्या पायरीवरच गेली. संध्याकाळी सेक्रेटरीकाकू आमच्या दारात आल्या. "आमची भांडी तशीच पडलीत गं. उद्या तरी येईल ना ती?" ते फाटक अजून तिथेच आहे. तुमच्याही कॉलनीला असं फाटक असेल, तर पुढच्या मीटिंगची वाट पाहू नका. आजच जा आणि त्याचं कुलूप काढायला लावा.