मालकीणबाईंना कामाची मनाई

मुकुंदवाडीचे साहेबराव दांडगे एसटीत कंट्रोलर होते. सिल्लोडच्या स्टँडवरून त्यांनी बावीस वर्षं गाड्या सोडल्या आणि एकही गाडी वेळेआधी सोडली नाही. एकदा खुद्द त्यांची सासू मक्याच्या कणसांचं पोतं घेऊन गाडीत बसली, तर त्यांनी कंडक्टरला बोलावून पोत्याचं लगेज तिकीट फाडायला लावलं. सासू त्यानंतर दोन दिवाळ्या लेकीकडं फिरकली नाही.

त्यांची मुलगी अमृता इंजिनिअर. वाळूजच्या एका कंपनीत तिची बरी नोकरी होती. लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर, प्रणयबरोबर, ती अमेरिकेत डॅलसला गेली. प्रणयचा व्हिसा नोकरीचा, हिचा त्याची बायको म्हणून मिळालेला. त्या व्हिसावर राहता येतं, गाडी चालवता येते, कॉलेजात शिकताही येतं. फक्त नोकरी करता येत नाही. दोन वर्षं अमृता घरात बसून राहिली. मग एक दिवस शेजारणीनं तिच्या सोफ्यावरची माहेरची गोधडी पाहिली आणि अशी मलाही मिळेल का म्हणून विचारलं. पाठोपाठ दुसरीनं विचारलं, तिसरीनं विचारलं. अमृताच्या डोक्यात कंपनी शिरली.

ती वकिलाकडं गेली. वकील म्हणाला, कंपनी खुशाल काढा, मालक व्हा, पण त्या कंपनीत काम मात्र करायचं नाही. फुकटसुद्धा नाही.

आता मालकीण हाताची घडी घालून बसणार, तर काम करणार कोण? तिला रिटायर होऊन पेपरातली शब्दकोडी सोडवत बसलेले वडील आठवले. गल्लीतच दगडाबाई राहायच्या, गोधड्या शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी आणखी चार बाया जमवल्या. साहेबराव मॅनेजर झाले. पण कामाला हात लावण्याआधी त्यांनी वकिलाचं पत्र मागवलं, ओळखीच्या प्राध्यापकाकडून मराठीत करून घेतलं आणि पुढच्या खोलीत भिंतीवर चिकटवलं.

पहिल्याच आठवड्यात सकाळी अमृताचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "अण्णा, पुढच्या गोधड्यांत लाल रंग जरा कमी घ्या."

साहेबरावांनी चष्मा लावून भिंतीकडं पाहिलं. "हे तू लेक म्हणून सांगू राहिली का मालकीण म्हणून?"

"मालकीण म्हणून."

"मंग ते काम झालं. तुला परवानगी नाय." आणि त्यांनी फोन बायकोच्या, भागूबाईंच्या, हातात दिला.

तेव्हापासून अमृतानं कंपनीची चौकशी करायची ती एखाद्या आजारी माणसाची करतात तशी, बरं आहे ना, एवढीच. मग तिनं आईला हाताशी धरलं. आता अमृताला स्वप्नं पडायला लागली. निळ्या काठाची गोधडी तिच्या स्वप्नात यायची आणि भागूबाई चहा देता देता ती नवऱ्याच्या कानावर घालायच्या. एका स्वप्नात खोक्यावर पत्ता कुठल्या कोपऱ्यात चिकटवायचा तेही दिसलं, तेव्हा साहेबरावांना संशय आला. तुझ्या लेकीची स्वप्नं लई मोजूनमापून पडू राहिली, एवढंच ते बोलले. स्वप्नं बंद झाली.

मग साहेबरावांच्या मोबाइलवर किंग साइज गोधडीची ऑर्डर आली. किंग साइज म्हणजे काय, हे अमृताला विचारायचं म्हणजे तिला कामाला लावणं झालं. म्हणून साहेबरावांनी दगडाबाईंशी मसलत केली. किंग म्हणजे राजा, इथवर दोघांचं जमलं.

"राजा काय गर्दीत झोपतो व्हय?" दगडाबाई म्हणाल्या. "एकटाच झोपत आसंल."

त्यामुळं एका माणसाच्या मापाची, पण जरीचे काठ लावलेली, चारी कोपऱ्यांत मोर काढलेली अशी देखणी गोधडी तयार होऊन डॅलसला गेली. ती एका म्हाताऱ्या जोडप्यानं मागवली होती. त्यांनी फोटो पाठवला. नवरा मोरांखाली आरामात झोपलेला, बायको शेजारी स्वेटर घालून बसलेली.

भागूबाईंना हसू आवरेना. पण अमृता फोनवर हसली नाही. "अण्णा, चार वर्षं इंजिनिअरिंग केलं मी. माझ्याच कंपनीत पलंग केवढा असतो, तेवढंसुद्धा मला सांगता येत नाही," ती म्हणाली.

गाडी लवकर सोडा म्हणून गयावया करणारी माणसं साहेबरावांनी बावीस वर्षं पाहिली होती. त्यांच्यातल्या कुणासाठी ते जागचे हलले नव्हते. नियम तर मोडायचा नव्हता. त्याच दिवशी टेप घेऊन ते भागूबाईंसह जालना रोडवरच्या फर्निचरच्या दुकानात गेले. सगळ्यात मोठा पलंग मोजला, मग खात्री करायला दोघं त्यावर आडवी झाली. घरात लग्न आहे का, दुकानदारानं विचारलं. लग्न नाय, अमेरिकेतल्या म्हातारीला थंडी वाजू राहिली, असं साहेबरावांनी झोपल्या झोपल्याच सांगितलं. महिन्याभरात दुसरी गोधडी गेली, आणि म्हातारीनं स्वेटर काढल्याचा फोटो आला.

पुढं दीड वर्षानं प्रणयच्या ग्रीन कार्डाचे कागद सरकले आणि अमृताला काम करायचा परवाना मिळाला. तिनं आनंदानं फोन केला. साहेबरावांनी अभिनंदन केलं आणि अर्ज पाठवायला सांगितलं. तिला ती थट्टा वाटली, पण थट्टा नव्हती. व्हिडिओवर रीतसर मुलाखत झाली, शेजारी भागूबाई नवी साडी नेसून बसल्या.

"या कंपनीत काम का करायचंय?" साहेबरावांनी विचारलं.

अमृता आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "दुपारी दोन ते पाच हे घर एकटीला फार मोठं होतं, अण्णा."

साहेबरावांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. "सोमवारी हजर व्हा," ते म्हणाले.

ती हजर झाली. महिन्याभरानं साहेबरावांनी तिच्याकडं चार दिवसांची रजा मागितली, लेखी, आणि भागूबाईंना घेऊन पैठणला मेहुणीकडं गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिथून अमृताला फोन लावला आणि काम नीट चाललंय ना, म्हणून विचारलं. अमृता म्हणाली, तुम्ही रजेवर आहात, अण्णा, आणि तिनं फोन ठेवला. साहेबराव दिवसभर मेहुणीच्या घरात सगळ्यांना ते कौतुकानं सांगत फिरले.