आवाज काढा

रॉड तिच्या छातीवर, गळ्याच्या जरा खाली, आडवा पडला होता. दोन्ही टोकांना लोखंडी चकत्या. दोन्ही हातांनी ती तो वर रेटत होती, चेहरा जांभळा पडला होता, आणि ती ओरडत नव्हती. मी लादी पुसायला आत आले म्हणून मला दिसली. बाहेर काउंटरवर मालक आणि त्याचे दोन मित्र चहा पीत बसले होते. एक हाक मारली असती तर तिघेही धावले असते. पण बाईचं तोंड मिटलेलं.

आता गंमत बघा. हीच बाई रोज अकरा ते एक बायकांना ओरडायला शिकवायची. "आवाज काढा, ताई! श्वास कोंडू नका. आवाज नाय तर ताकद नाय." खांदा कॉलनीतल्या त्या जिममध्ये मी साफसफाई करते, म्हणून रोज कानावर पडायचं. उरणकडच्या गावातली होती. तिशीची. दंड असे की ब्लाउज शिवणारीने माप दोनदा घेतलं असेल.

आणि बायका म्हणजे तुम्हीही पाहिल्या असतील तशाच. नवे कोरे बूट, केस तेलाने चप्प, मंगळसूत्र दातात धरलेलं. पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, दंड पुरुषांसारखे होणार नाहीत ना?" जसं काही एक किलोचं गुलाबी डंबेल दोनदा हलवलं की सकाळी मिशाच फुटणार. एकीने तर पाच किलोचं बघूनच हात जोडले.

"मला नाही झेपायचं."

"गिरणीत दळण कोण नेतं?"

"मीच."

"किती?"

"दहा किलो. वर तिसरा मजला, आणि लिफ्ट कायम बंद."

"मग हे अर्धंच दळण हाय. उचला."

उचललं बाईने. पण ओठ घट्ट दाबून. बाहेर पुरुष बसलेत ना! आवाज काढा म्हटलं की सगळ्या टी-शर्टवर पदर शोधायला लागायच्या.

मलाही तिने सोडलं नाही. बादली उचलली की मागून हाक, "मावशी, कंबर नाय, गुडघे वाकवा!"

मी एकदा सुनावलं, "तुझी आय जन्मली नव्हती तेव्हापासून मिठागरात पाट्या उचलल्यात मी. मला शिकवतेस?"

"म्हणूनच कंबर गेली तुमची," ती हसत म्हणाली. खरं होतं, म्हणून जास्त राग आला.

मालकाने तिला आधीच बजावलं होतं, "एकीला जरी काही लागलं ना, तर बायकांची वेळ बंद." माझ्यासमोरच म्हणाला. फडका हातात असलेल्या बाईला कान असतात हे लोकांच्या लक्षात येत नाही.

त्या दुपारी बायका गेल्यावर ती एकटीच स्वतःचं वजन उचलत होती. एकटीने रॉडखाली निजायचं नाही, हेही तीच सगळ्यांना सांगायची. मी हाक मारायला दाराकडे वळले. तेव्हा अंगात जेवढा श्वास उरला होता, तेवढा खर्च करून ती एकच शब्द बोलली.

"नको."

माझं डोकंच फिरलं. मरायला टेकलीस आणि बोलतेस काय, तर नको! मी फडका टाकला, रॉडचं एक टोक धरलं, गुडघे वाकवले आणि उचललं. गुडघे तिचं ऐकून वाकवले नाहीत, आपोआप वाकले. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो बाळंतपणातही निघाला नव्हता. रॉड कलला, ती खालून सरपटत निघाली आणि लादीवर बसून खोकत राहिली. रॉड धाडकन खाली.

मालक दारात. "काय झालं?"

"काय नाय. बादली उचलली," मी म्हटलं.

तो गेला. ती कुजबुजली, "मावशी, कोणाला सांगू नका."

"मालकाला नाय सांगत. बायकांना सांगणार."

आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासमोरच सांगितलं, "ही तुम्हाला बोंबलायला शिकवते, आणि काल स्वतः तोंड मिटून मरत होती. का, तर तुमची वेळ बंद होईल म्हणून." तिच्या गळ्याखाली काळानिळा पट्टा उठला होता. कोणी हसलं नाही. ती मान खाली घालून बुटाची नाडी सोडत-बांधत बसली.

मग दळणवाली उठली. तिने दहा किलो उचललं आणि अशी ओरडली, जसा शेळीच्या पायावर पाय पडावा. मालक डोकावला. हातातलं वजन खाली न ठेवता तिने विचारलं, "काय हवंय?" मालक आल्या पावली परत.

मॅडम वर्षभरात गावी निघून गेली. तिकडे बायकांना शिकवते म्हणे. मला निरोप-बिरोप काही नाही. जाताना बादलीकडे बघून "गुडघे" एवढंच म्हणाली.

परवा एक जुनी बाई नवीला समजावत होती, "इथे पूर्वी एक मॅडम रॉडखाली मेली, म्हणून ओरडायचं असतं."

मेली नाही. मी टोक धरलं होतं. ती वाचली.